घोरणाऱ्याची शांतता : घोरण्यावरील उपायांचा इतिहास

१/
खान्देशातील वैशाख. जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीला टेकलेला. दिवसभर तापलेल्या खोलीत रात्री निजवत नाही, म्हणून सारे घर गच्चीवर किंवा अंगणात बाजा टाकून झोपते. अशा रात्री कोण घोरतो हे घराला ठाऊक असतेच, गल्लीलाही ठाऊक होते. सकाळी चहाबरोबर त्याची थट्टा होते. मात्र घोरणारा मध्येच एकदम शांत का होतो, आणि काही क्षणांनी बुडता माणूस वर यावा तसा श्वास का ओढतो, हे सहसा कुणी विचारत नाही. आजचा धागा त्या मधल्या शांततेविषयी आहे.

२/
घोरण्यावर माणसाने हजारो वर्षे उपाय शोधले. त्यांतील बहुतेक आवाज बंद करण्यासाठी होते, कारण आवाजाचा त्रास शेजाऱ्याला होतो आणि तक्रारही तोच करतो. आवाजामागे अडणाऱ्या श्वासावर भरवशाचा आणि शस्त्र न लावता करता येणारा उपाय सापडण्यास १९८१ साल उजाडावे लागले. या दीर्घ शोधाचे काही धागे थेट धुळ्यातून जातात. म्हणून आपणही प्रवास तेथूनच सुरू करू.

३/
प्रथम भूमी. १९०६ साली जुन्या खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. तेच पुढे जळगाव आणि धुळे. त्याआधी १८८० साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खान्देश खंड निघाला होता. त्या काळी या भागातील घरे बहुधा धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची असत. उन्हाळ्यात धाबे हेच शयनगृह. झोप ही त्या काळी खासगी बाब नव्हती; आजा, काका, सुना, लेकरे हाकेच्या अंतरावर निजत. घोरण्याला तेव्हा साक्षीदारांची वाण नव्हती. वाण होती ती त्या साक्षीचा अर्थ लावणाऱ्याची.

४/
आता धुळ्याचा पहिला धागा. शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ साली धुळ्यात सत्कार्योत्तेजक सभा स्थापली आणि समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते गावोगावच्या मठांतून शोधून जमविण्यात आयुष्य वेचले. डोमगाव मठातील, कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत त्यांनी अभ्यासली आणि तिच्या आधारे १९०५ साली दासबोध छापून प्रसिद्ध केला. आज घरोघरी वाचल्या जाणाऱ्या दासबोधाच्या संहितेमागे खान्देशातील हे परिश्रम आहेत. देवांनी जमविलेला संग्रह धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात जतन केलेला आहे.

५/
त्या दासबोधात, अठराव्या दशकाचा नववा समास आहे ‘निद्रानिरूपण’. अध्यात्माच्या ग्रंथात समर्थ अचानक निजलेल्या माणसांच्या गर्दीकडे वळतात. आळस, जांभया, पेंगणे, डोळ्यांवर येणारी झापड, कुणाचे घोरणे, कुणाचे दात खाणे, कुणाचे झोपेत बरळणे! निरीक्षण इतके बारीक की लेखकाने कित्येक रात्री मठांत, धर्मशाळांत जागून काढल्या असाव्यात, असे वाटावे. समर्थांचा रोख अर्थातच अज्ञानाच्या निद्रेवर आहे. तथापि सतराव्या शतकातील मराठी माणूस कसा झोपे, याचे इतके जिवंत चित्र दुर्मीळ आहे. त्यात घोरणे हा झोपेचा एक सहज व्यापार म्हणून येतो. व्याधी म्हणून येत नाही.

६/
वाग्देवता मंदिराचे आणखी एक धन म्हणजे समर्थांच्या स्वतःच्या हातचे मानले जाणारे वाल्मीकिरामायणाचे हस्तलिखित. रामायण म्हटले की झोपेच्या संदर्भात एकच नाव आठवते. युद्धकांडात कुंभकर्णाला उठवण्यास राक्षस जातात, तेव्हा त्याच्या श्वासाच्या झोताने त्यांना दारात उभेही राहवत नाही. शंख फुंकले जातात, नगारे बडवले जातात, गदा हाणल्या जातात, शेवटी अंगावरून हत्ती चालवतात. महाकाव्याची ही अतिशयोक्ती खरी. पण अवाढव्य देह, गडगडणारा श्वास आणि न मोडणारी झोप ही तीन लक्षणे कवीने एकाच माणसात एकत्र पाहिली, हे ध्यानात ठेवावे. ही तिन्ही पुढे पुन्हा भेटणार आहेत.

७/
असाच एक माणूस ग्रीक इतिहासात आहे. काळ्या समुद्राच्या काठावरील हेराक्लिया नगराचा सत्ताधीश डायोनिसियस, ख्रिस्तपूर्व चौथे शतक. तो इतका स्थूल झाला की झोपेत श्वास कोंडू लागला. वैद्यांनी उपाय योजला तो लांब, बारीक सुयांचा. झोप गाढ झाली की त्या बरगड्यांच्या बाजूने चरबीत टोचायच्या आणि तो जागा होईपर्यंत आत सारायच्या. उपाय क्रूर खरा, पण त्यामागील समज अचूक होती : या माणसाला झोपेत धोका आहे आणि जाग आली तरच श्वास मोकळा होतो. लंकेतील नगारे काय नि हेराक्लियातील सुया काय, सारा भर झोप मोडण्यावर होता.

८/
आयुर्वेदाने याहून पुढचे पाऊल टाकले होते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात पंधराव्या अध्यायात अतिस्थूल माणसाची लक्षणे येतात : थोड्या श्रमाने धाप, तहान, भूक, अतिनिद्रा, घाम, अंगाला दुर्गंध, ग्लानी, अडखळती वाणी. त्याच यादीत एक शब्द आहे, ‘क्रथन’. टीकाकारांनी त्याचा अर्थ लावला आहे तो अकस्मात श्वास अडणे आणि झोपेत घशात होणारी घुरघुर असा. पुढे माधवनिदानानेही मेदोरोगाच्या लक्षणांत हा शब्द ठेवला. मेद, अतिनिद्रा आणि अडणारा श्वास यांची सांगड इतक्या जुन्या वैद्यकग्रंथात एका ओळीत घातलेली आढळावी, हे विलक्षण आहे.

९/
सुश्रुताची चिकित्साही आवाजाच्या मागे धावत नाही. शिलाजित, गुग्गुळ, गोमूत्र, त्रिफळा, लोहचूर्ण, मध. आहारात जव, मूग आणि कोद्रूसारखी हलकी, रूक्ष धान्ये. जोडीला व्यायाम आणि लेखनबस्ती. सारा रोख मेद उतरविण्यावर. चरकाने तर सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात स्थूलता आणि निद्रा हे दोन विषय एकत्रच मांडले. स्थूल माणसाने जागरण वाढवावे, असेही तेथे सुचविले आहे. आजचे शास्त्र हा शेवटचा सल्ला मानणार नाही, कारण अपुरी झोप वजन वाढवते. परंतु आवाज सोडून देहाकडे पाहण्याची दिशा योग्य होती.

१०/
मग हे ज्ञान लोकांपर्यंत का झिरपले नाही? एक कारण उघड आहे. ‘क्रथन’ हे मेदोरोगाच्या यादीतील एक लक्षण होते. त्याला स्वतंत्र व्याधीचे आसन मिळाले नाही. घोरणाऱ्या माणसाने वैद्याकडे जावे, असे कुणाला वाटले नाही. खाऊनपिऊन सुखी असलेला माणूसच घोरतो, असा समज रुजला. भर दुपारी ओट्यावर घोरत पडलेला शेठ हे तर सुबत्तेचे चित्र ठरले. मराठीत घोर लागणे म्हणजे चिंता लागणे. पण घोरण्याचा घोर मात्र कुणाला लागला नाही.

११/
वैद्यकाच्या जागी मग घरगुती उपाय आले. नाकात तुपाचे थेंब, झोपण्यापूर्वी वाफारा, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, हळदीचे दूध, कुशीवर वळवणे आणि शेवटचे अस्त्र म्हणजे कोपराने ढोसणे. यांतील काहींना आधार आहे. सर्दीने नाक चोंदले असेल तर वाफाऱ्याने श्वास मोकळा होतो. पाठीवर निजल्यास जीभ मागे सरकते, म्हणून कुशीवर वळवल्याने अनेकांचे घोरणे खरोखर कमी होते. पाश्चात्त्य देशांत याच हेतूने सदऱ्याच्या पाठीला चेंडू शिवत. पाठीवर वळताच चेंडू टोचतो आणि माणूस पुन्हा कुशीवर येतो.

१२/
एका उपायाबाबत मात्र सावधगिरी हवी. रोज रात्री नाकात तेल सोडण्याचा सल्ला समाजमाध्यमांवर सर्रास फिरतो. वैद्याच्या देखरेखीखाली ठरावीक काळ केलेले नस्य वेगळे आणि झोपताना सवयीने ओतलेले तेल वेगळे. तेल श्वासमार्गाने फुफ्फुसांत उतरत राहिल्यास एका विशिष्ट प्रकारचा न्यूमोनिया होऊ शकतो, हे वैद्यकात नोंदलेले आहे. रात्रीचे मद्य आणि झोपेच्या गोळ्या यांचाही परिणाम उलटा होतो : घशाचे स्नायू आणखी सैल पडतात आणि घोरणे वाढते. ‘दोन घोट घेतले की शांत झोप लागते’ ही समजूत घोरणाऱ्यासाठी धोक्याची आहे.

१३/
आता युरोपाकडे वळू, कारण तुटलेला धागा तेथे पुन्हा जुळला, आणि तोही वैद्याच्या हातून नव्हे. १८३६-३७ साली चार्ल्स डिकन्स यांची ‘पिकविक पेपर्स’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. तीत जो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे. तो उभ्या उभ्या, काम करता करता झोपी जातो आणि घोरतो. वाचक पोट धरून हसले. एका पत्रकाराने रंगवलेली विनोदी व्यक्तिरेखा म्हणून नव्हे, तर चोविशीतील एका कादंबरीकाराने टिपलेले रुग्णचित्र म्हणून तिच्याकडे पाहण्यास वैद्यकाला एकशे वीस वर्षे लागली.

१४/
१९५६ साली अमेरिकेतील बर्वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली. एकशे एकोणीस किलोंच्या आसपास वजनाचा हा उद्योगव्यवसायी गृहस्थ दर आठवड्याला पत्ते खेळे. एका रात्री पोकरमध्ये त्याच्या हाती तीन एक्के आणि दोन राजे आले. जिंकण्याजोगा डाव! आणि नेमकी त्याच क्षणी त्याला झोप लागली. काही दिवसांनी तो रुग्णालयात दाखल झाला. डॉक्टरांनी डिकन्सच्या जोची आठवण ठेवून या विकाराला ‘पिकविकियन सिंड्रोम’ असे नाव दिले. मात्र दिवसाच्या झोपेचे मूळ रात्रीच्या श्वासात आहे, हे त्यांच्याही पुरते ध्यानात आले नव्हते.

१५/
मुलांच्या बाबतीत ही जाणीव थोडी आधी आली होती. १८६८ साली कोपनहेगनच्या विल्हेल्म मायर यांनी नाकामागच्या ॲडिनॉइड ग्रंथींच्या वाढीकडे लक्ष वेधले. १८८९ साली विल्यम हिल यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडले की, रात्री तोंड उघडे टाकून घोरणारी आणि शाळेत ‘मठ्ठ’ ठरणारी काही मुले वास्तविक मठ्ठ नसतात. त्यांचा श्वास अडतो. आजही टॉन्सिल किंवा ॲडिनॉइड वाढलेले मूल रात्रभर नीट झोपत नाही आणि वर्गात पेंगते किंवा चिडचिड करते. अशा किती मुलांनी झोपाळू म्हणून छड्या खाल्ल्या असतील, याची गणती नाही.

१६/
खरा उलगडा १९६५ साली झाला. फ्रान्समध्ये गास्तो आणि त्यांचे सहकारी, तर जर्मनीत युंग आणि कुलो, यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे झोपलेल्या रुग्णांचा श्वास आणि मेंदूच्या लहरी रात्रभर एकत्र नोंदवल्या. कागदावर उमटले ते असे : झोप लागताच घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ आणि मऊ टाळू मागे सरकतात, वाट अरुंद होते. अरुंद वाटेतून हवा जाताना टाळू आणि पडजीभ थरथरतात, तेच घोरणे. पुढे वाट पूर्ण मिटते. छाती हालत राहते, पण हवा आत जात नाही. हीच ती शांतता.

१७/
शांतता दहा सेकंदांची असते, कधी तीस, कधी त्याहूनही अधिक. रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, माणूस अर्धवट जागा होऊन मोठ्याने श्वास ओढतो आणि पुन्हा झोपेत बुडतो. सकाळी त्याला यातले काहीही आठवत नाही. तासाला पाच ते पंधरा वेळा असे झाले तर विकार सौम्य, पंधरा ते तीस वेळा झाले तर मध्यम आणि तीसहून अधिक वेळा झाले तर तीव्र मानतात. पुढे या विकाराला ‘स्लीप ॲप्निया’ हे नाव रूढ झाले. प्रत्येक घोरणाऱ्याला तो असतोच असे नाही; पण ज्याला असतो त्याच्या रक्तदाबावर, हृदयावर आणि मेंदूवर रोज रात्री ताण पडत असतो.

१८/
निदान झाले, पण उपाय? १९६४ साली जपानच्या इकेमात्सु यांनी घोरण्यावर टाळूची शस्त्रक्रिया वर्णिली होती. १९८१ साली फुजिता यांनी तिची सुधारित रीत अमेरिकेत रुजवली. आवाज पुष्कळदा कमी होई, श्वासाचा अडथळा मात्र प्रत्येकाचा दूर होत नसे. तीव्र रुग्णासाठी खात्रीचा उपाय एकच होता : गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी बसवणे. जीव वाचे, झोप लागे. पण आयुष्यभर गळ्यात भोक बाळगावे लागे. बहुतेक रुग्ण नकार देत, यात नवल नव्हते.

१९/
असाच नकार देणाऱ्या एका रुग्णामुळे इतिहास वळला. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे डॉ. कॉलिन सलिव्हन श्वसनावर संशोधन करीत होते. १९८० साली त्यांच्याकडे आलेल्या रुग्णाला गळ्याचे छिद्र नको होते. सलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरीसारखा झोत देणारा पंखा, एक नळी आणि नाकावर घट्ट बसणारा मुखवटा जोडला. हवेचा सौम्य, अखंड दाब नाकातून आत गेला आणि घशाची मिटणारी वाट आतून उघडी राहिली. रुग्ण रात्रभर न अडता झोपला. पाच रुग्णांवरील हा अनुभव १९८१ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. हेच आजचे सीपॅप यंत्र.

२०/
या उपायाचे मर्म साधे आहे. हवेचाच टेकू देऊन वाट मोकळी ठेवली की घोरण्याचा आवाज आपोआप थांबतो. म्हणजे श्वास सांभाळला की आवाज थांबतो. आवाज थांबवला म्हणून श्वास सांभाळला जाईलच असे नाही. नाकपट्ट्या, हनुवटीचे पट्टे, फवारे, अंगठ्या यांची बाजारातील रांग आजही याच गोष्टीकडे डोळेझाक करते. यंत्राला मर्यादा आहेत : ते महाग आहे, मुखवटा अनेकांना जाचतो, वीज लागते. सौम्य विकारात जबडा किंचित पुढे धरणारी, दंतवैद्याने घडवलेली पट्टीही उपयोगी पडते.

२१/
हा प्रश्न आपल्याकडे किती मोठा आहे? मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ साली या विषयावर अभ्यास प्रसिद्ध केला. ३५ ते ६५ वयोगटातील २५० शहरी पुरुषांच्या झोपेची त्यात तपासणी झाली. १९.५ टक्के पुरुषांत झोपेतील श्वसनाचा बिघाड आढळला. दिवसाच्या झोपाळूपणासह पूर्ण विकार ७.५ टक्क्यांत. हे नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेले लोक होते, झोपेची तक्रार घेऊन आलेले नव्हेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी यांचे मुंबईत निधन झाले, तेव्हा या विकाराचे नाव अनेक घरांत प्रथमच ऐकले गेले.

२२/
खान्देशात या प्रश्नाला एक वेगळी धार आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्याजवळ एकमेकांना छेदतात. सोलापूरकडे जाणारा रस्ताही तेथूनच फुटतो. दुसरा महामार्ग पुढे जळगाव-भुसावळमधून जातो. रावेर-यावलची केळी आणि खान्देशचा कापूस याच रस्त्यांनी बाहेर पडतो, बहुधा रात्रीच. ज्याची झोप रात्रभर तासाला तीस वेळा मोडते, त्याला पहाटे सुकाणू धरल्यावर डुलकी येणारच. युरोपीय संघाने २०१४ साली वाहनचालकांच्या पात्रतेच्या निकषांत या विकाराचा समावेश केला. येथे श्वासाचा प्रश्न घोरणाऱ्यापुरता उरत नाही. समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाचाही होतो.

२३/
आणि या विकाराचा सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार कोण? रुग्ण नव्हे, तो तर झोपलेला असतो. साक्षीदार असते ती पत्नी, जी रात्रभर दचकून उठते, ‘श्वास चालू आहे ना’ म्हणून छातीवर हात ठेवून पाहते आणि पहाटे पुन्हा चुलीपाशी उभी राहते. ट्रकच्या केबिनमध्ये तो साक्षीदार असतो क्लीनर. स्त्रिया स्वतः घोरत असतील तर ती गोष्ट घराबाहेर जात नाही. लाज आड येते, आणि त्यांचा विकार ‘अशक्तपणा’ किंवा ‘चिडचिड’ या नावाखाली वर्षानुवर्षे दडून राहतो. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांतही या विकाराचा धोका वाढतो, हे म्हणूनच मुद्दाम सांगायला हवे.

२४/
या साक्षीचे मोल वैद्यकाने आता मान्य केले आहे. २००८ साली टोरांटोतील डॉक्टरांनी तयार केलेली ‘स्टॉप-बँग’ ही प्रश्नावली जगभर वापरली जाते. मोठ्याने घोरता का? दिवसा थकवा येतो का? रक्तदाब आहे का? वजन, वय, मानेचा घेर, लिंग यांचेही प्रश्न आहेत. पण त्यांतला एक प्रश्न असा की त्याचे उत्तर रुग्ण एकटा देऊच शकत नाही : झोपेत तुमचा श्वास थांबलेला कुणी पाहिला आहे का? धाब्यावर निजणाऱ्या जुन्या खान्देशी घरात या प्रश्नाला दहा उत्तरे मिळाली असती. आज बंद खोलीत ते एकाच माणसापाशी असते, आणि त्याला कुणी विचारत नाही.

२५/
उपायांचा शोध अजून चालू आहे, आणि त्याला गमतीदार वळणेही आहेत. २००६ साली स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी २५ रुग्णांवर प्रयोग केला. ऑस्ट्रेलियातील आदिवासींचे डिजरिडू हे लांब नळीचे वाद्य चार महिने वाजवणाऱ्यांच्या घशाला व्यायाम झाला आणि त्यांचा विकार सौम्य झाला. २०२५ साली जयपूरच्या डॉक्टरांनी तसाच एक छोटा अभ्यास शंखवादनावर केला. ३० रुग्णांत शंख फुंकणाऱ्यांचा दिवसाचा झोपाळूपणा घटला. अभ्यास लहान आहेत, यंत्राला पर्याय म्हणून ते पुरेसे नाहीत. तरी लंकेत निजलेल्याच्या कानाशी फुंकलेला शंख आज निजणाऱ्यानेच फुंकावा, हे वळण मोठे अर्थपूर्ण आहे.

२६/
दुसरे वळण सुश्रुताकडे नेणारे. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने टिर्झेपेटाइड या वजन उतरविणाऱ्या इंजेक्शनला, स्थूल व्यक्तींतील मध्यम व तीव्र स्लीप ॲप्नियासाठी मान्यता दिली. या विकारावरचे हे तेथील पहिलेच मान्यताप्राप्त औषध. ते घशावर काम करीत नाही, मेद उतरवते. गुग्गुळ-शिलाजिताची आणि या इंजेक्शनची तुलना येथे करायची नाही. पुराव्याच्या तराजूत ती दोन्ही एकाच पारड्यात बसत नाहीत. पण मेद आणि अडणारा श्वास यांचे जे नाते सुश्रुताने एका यादीत नोंदवले, त्याकडे चिकित्सा फिरून आली, हे खरे.

२७/
मग धुळे-जळगावच्या वाचकाने काय करावे? प्रथम ऐकावे. घरात कुणी घोरत असेल तर एका रात्री मोबाइलवर आवाज नोंदवावा. सलग, एकसुरी घोरणे आणि थांबत-अडत, गुदमरत होणारे घोरणे यांतला फरक सामान्य कानालाही कळतो. दुसऱ्या प्रकाराबरोबर दिवसा झोप, सकाळी डोकेदुखी किंवा न उतरणारा रक्तदाब असेल तर कान-नाक-घसा किंवा श्वसनरोगतज्ज्ञाला ती नोंद ऐकवावी. धुळे आणि जळगाव या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. विचारपूस तेथून सुरू करता येते. झोपेची प्राथमिक तपासणी आता लहान यंत्राने घरच्या घरीही होते. आणि दाखवायला जाताना शेजारी झोपणाऱ्या माणसाला सोबत न्यावे.

२८/
देवांनी मठामठांतून हस्तलिखिते शोधली, कारण लिहिलेले जपले नाही तर हरवते. न लिहिलेले तर त्याहून लवकर हरवते. शतकानुशतके खान्देशाच्या धाब्यांवर, अंगणांत, ओट्यांवर कुणीतरी रात्री जागे राहून दुसऱ्याचा अडलेला श्वास ऐकला असेल आणि सकाळी थट्टेत घालवला असेल. त्यांच्या हाती उपाय नव्हता. आज तो आहे. पुढच्या वैशाखात गच्चीवर निजाल आणि शेजारच्या बाजेवरचे घोरणे एकाएकी थांबेल, तेव्हा ‘बरे झाले, थांबला’ म्हणून कूस बदलू नका. श्वास पुन्हा सुरू होईपर्यंत मोजा, आणि तो आकडा सकाळी त्यांना सांगा.